फोन न दाखवता फोनबद्दल बोलायचं

पुण्यात कोणाला नवा फोन घ्यायचा असला की तो आधी ऑफिसातल्या जाणकाराला विचारतो, मग रात्री जागून व्हिडिओ बघतो आणि शेवटी पहिल्या दिवशी मनात भरलेलाच फोन घेऊन येतो. व्हिडिओत खोका उघडतो, काच चमकते, कॅमेऱ्याचे फोटो दिसतात. पॉडकास्ट करणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. मग नुसत्या आवाजात गॅजेटबद्दल बोलायचं हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असा प्रश्न हमखास येतो.

फोन कसा दिसतो हे दुकानात अर्ध्या मिनिटात कळतं. पण बॅटरीवर छापलेल्या आकड्याचा अर्थ काय, कॉल लागला की इअरबडचा आवाज एकदम पडतो का, जाहिरातीतलं ‘एआय’ फोनच्या आत चालतं की लांबच्या सर्व्हरवर, हे व्हिडिओतही दिसत नाही. ते कोणीतरी समजावून सांगावं लागतं. आणि समजावण्यासाठी चित्र नसलेलं माध्यम मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण तिथे चकचकीत काच मदतीला येत नाही. विषय कळला नसेल तर बोलणारा तिसऱ्या मिनिटाला उघडा पडतो.

साधं उदाहरण पॉवर बँकेचं. तापकीर गल्लीत २०,००० एमएएचची पॉवर बँक मागितली की माणूस मनातल्या मनात भागाकार करतो: फोनची बॅटरी ५,००० एमएएच, म्हणजे फोन चार वेळा भरेल. प्रत्यक्षात तो तीनच्या आसपास वेळा भरतो आणि मग ‘डुप्लिकेट माल दिला’ म्हणून दुकानदाराला शिव्या बसतात. दुकानदार बहुतेक वेळा निर्दोष असतो. एमएएच म्हणजे मिलीअँपिअर-अवर. हे माप किती विद्युतभार साठला हे सांगतं, किती ऊर्जा साठली हे नाही. ऊर्जा काढायची तर व्होल्टेजनं गुणावं लागतं. आतल्या लिथियम सेलचा सरासरी व्होल्टेज ३.७, म्हणून २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर. यूएसबीतून साधारणपणे ५ व्होल्टनं वीज बाहेर पडते, तेव्हा त्याच ७४ वॉट-अवरचे १४,८०० एमएएच होतात. व्होल्टेज चढवताना दहा-पंधरा टक्के ऊर्जा उष्णतेत जाते. चार्जिंगच्या वेळी पॉवर बँक गरम लागते ती त्यामुळेच. उरले साधारण ६३ ते ६६ वॉट-अवर. फोनची ५,००० एमएएचची बॅटरी धरा १९ वॉट-अवरची, आणि ती भरताना फोनही थोडी ऊर्जा खातो. झाला हिशोब तीनचा. बऱ्याच पॉवर बँकांवर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून दुसरा, लहान आकडा असतो. खरा आकडा तो.

हाच वॉट-अवर विमानतळावरही कामाला येतो. पॉवर बँक सामानात टाकून चालत नाही, हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, आणि १०० वॉट-अवरपर्यंतच्या पॉवर बँकेला वेगळी परवानगी लागत नाही. १०० ला ३.७ नं भागलं की साधारण २७,००० एमएएच येतात. म्हणजे ३०,००० एमएएचवाली लोहगावला अडू शकते.

आता वरचा पॉवर बँकेच्या हिशोबाचा परिच्छेद जसाच्या तसा माईकसमोर वाचून बघा. ऐकणारा ‘१४,८००’ येईपर्यंत हरवलेला असेल. वाचताना डोळे मागे जाऊ शकतात, कान जाऊ शकत नाहीत, आणि ऐकणारा तर त्या वेळी भांडी घासत असतो किंवा वनाजहून रामवाडीला मेट्रोत उभा असतो. म्हणून ऐकवताना क्रम उलटा लागतो. आधी उत्तर: ‘चार वेळा नाही, तीन वेळा.’ मग कारण, आणि त्या कारणात एका वेळी एकच आकडा. बाकीचे आकडे एपिसोडखालच्या मजकुरात टाकावेत. मराठीत गॅजेटवर बोलणारे बरेच जण अजून स्पेसिफिकेशनची यादीच वाचून दाखवतात. ती यादी खोक्यावर छापलेली असतेच. तिच्यासाठी कोणी अर्धा तास कान देत नाही.

कानाला काय तपासता येतं

काही गोष्टी आवाजात व्हिडिओपेक्षा चांगल्या ‘दाखवता’ येतात, काही अजिबात येत नाहीत, आणि यातला फरक न कळणारे पॉडकास्ट ऐकताना मला फार वैताग येतो. ‘या इअरबडचा बेस काय सुंदर आहे, ऐका,’ असं म्हणून गाणं वाजवण्यात काही अर्थ नाही. ऐकणारा ते त्याच्याच इअरबडमधून ऐकतोय. त्याच्या कानातला बेस त्याच्या इअरबडचा आहे.

इअरबडचा माईक मात्र शंभर टक्के ऐकवता येतो. संध्याकाळी सहाला कर्वे रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, तीन वेगवेगळे इअरबड आळीपाळीनं घालून तेच एक वाक्य बोलायचं आणि तिन्ही तुकडे नाव न सांगता लागोपाठ ऐकवायचे. नावं शेवटी. ज्याला दिवसभर कॉलवर बोलायचं आहे त्याला यापेक्षा उपयोगी चाचणी नाही. अट एकच: एडिटिंग सॉफ्टवेअरमधलं गोंगाट काढणारं बटण त्या तुकड्यांवर दाबायचं नाही. दाबलंत तर परीक्षा इअरबडची होत नाही, सॉफ्टवेअरची होते.

ती चाचणी ऐकल्यावर पुढचा प्रश्न येतोच: गाणी इतकी छान वाजतात, मग माझा आवाज समोरच्याला मडक्यातून आल्यासारखा का जातो? गाणी वाजताना आवाज एकाच दिशेनं जातो, फोनकडून कानाकडे. कॉल लागला की तो दोन्ही दिशांनी जायला हवा, आणि पारंपरिक ब्लूटूथमध्ये त्यासाठी वेगळी, अरुंद वाट वापरली जाते. डिजिटल आवाज म्हणजे सेकंदाला ठरावीक वेळा घेतलेली नोंद. या वाटेवर बहुधा सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नोंदी घेतल्या जातात. नियम असा की जेवढ्या नोंदी, त्याच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचाच (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) आवाज टिकतो. म्हणजे ४,००० किंवा ८,००० हर्ट्झ. तरुण कानाला ऐकू येतं २०,००० पर्यंत. ‘स’ या अक्षराची बरीचशी धार ४,००० हर्ट्झच्या वर असते. तीच कापली गेली की फोनवर ‘स’ आणि ‘फ’ यांत घोटाळा होतो आणि आपण आडनाव तीनदा सांगत बसतो. एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत ही अडचण बरीच कमी होते, पण ती फोन आणि इअरबड दोन्हींत असावी लागते. एकात असून उपयोग नाही, आणि हे सांगायला विक्रेते सोयीस्करपणे विसरतात.

नॉइज कॅन्सलेशनचंही असंच. बाहेरच्या माईकनं गोंगाट टिपायचा, त्याची बरोबर उलटी लहर तयार करायची आणि कानात सोडायची, म्हणजे दोन्ही एकमेकींना मारतात. तत्त्व इतकंच. मग मेट्रोच्या चाकांची घरघर गायब होते, पण ‘पुढील स्थानक’ ही घोषणा आणि शेजारच्या काकूंचा आवाज का येतो? १०० हर्ट्झच्या घरघरीची एक लहर पूर्ण व्हायला १० मिलिसेकंद लागतात. उलटी लहर तयार करण्यात ०.१ मिलिसेकंद उशीर झाला तर तो लहरीच्या शंभराव्या भागाइतका, चालून जातो. ३,००० हर्ट्झच्या आवाजाची लहर ०.३३ मिलिसेकंदात संपते. तिथे तेवढाच उशीर म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश लहर चुकली, आणि चुकलेली उलटी लहर आवाज मारण्याऐवजी कधी कधी वाढवते. म्हणून वरच्या पट्टीतले आवाज थांबवायचं काम रबरी टोपणावर सोडलेलं असतं. टोपण कानात नीट बसलं नाही तर महागडा इअरबडही तिथे हतबल असतो.

घरात रेकॉर्डिंग

स्टुडिओ भाड्यानं घ्यायची गरज नाही, पण पुण्यातल्या फ्लॅटची एक खोड समजून घ्यावी लागते. चकचकीत टाइल्स, सपाट भिंती, कमी सामान. आवाज सगळीकडून परत येतो आणि बोलणारा बाथरूममध्ये असल्यासारखा वाटतो. गाद्या, जाड पडदे, उघडं ठेवलेलं कपड्यांचं कपाट, पुस्तकं हे सगळं परतणारा आवाज गिळतं. पंखा बंद करावा, एसी असला तर तोही.

माईकच्या बाबतीत लोक पैसे खर्च करतात आणि अंतराकडे दुर्लक्ष करतात. तोंड आणि माईक यांतलं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज ६ डेसिबलनं वाढतो. खोलीचा गोंगाट मात्र आहे तेवढाच राहतो. ४० सेंटिमीटरवरून १० वर आलात की १२ डेसिबलचा फायदा झाला, तोही फुकट. घरगुती कामाला डायनॅमिक माईक बरे असं म्हणतात त्यामागे मुख्य कारण हेच आहे: ते कमी संवेदनशील असल्यानं माणूस आपोआप जवळ येऊन बोलतो. कंडेन्सर माईक जास्त बारकावे टिपतो. त्याला बहुधा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माईकच्या केबलमधूनच दिलेली वीज, लागतो, आणि शेजारच्या घरातली कुकरची शिट्टीही तो तितक्याच प्रेमानं टिपतो.

ढोलाचं काय, हा पुण्याचा खास प्रश्न. गणपतीच्या आधी नदीपात्रात पथकांचा सराव सुरू झाला की डेक्कन, नारायण पेठ भागात संध्याकाळी रेकॉर्डिंग विसरायचं. ६० हर्ट्झच्या आवाजाची लहर साडेपाच मीटरपेक्षा लांब असते, तिला पडदा काय आणि गादी काय. ८० हर्ट्झखालचा आवाज कापणारा फिल्टर लावून थोडा फरक पडतो, पण ताशा त्याच्या कितीतरी वर वाजतो. त्या दिवसांत पहाटे उठावं हे बरं.

रेकॉर्ड झालेली मूळ फाईल जड असते. एका माईकची, साध्या सीडीच्या दर्जाची तासाभराची नोंद ३०० एमबीच्या वर जाते. एमपी३ करताना कानाला तसंही जाणवणार नाही असं बरंच काही टाकून दिलं जातं, जसं मोठ्या आवाजाखाली दबलेले बारीक आवाज. नुसत्या बोलण्यासाठी मोनो, ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) पुरतं. तास साधारण २९ एमबीत मावतो. आवाजाची पातळीही सारखी करून द्यावी लागते. अॅपल तिची शिफारस उणे १६ एलयूएफएस करतं, स्पॉटिफाय उणे १४. एलयूएफएस म्हणजे क्षणभराचा सर्वोच्च आवाज नव्हे, तर पूर्ण एपिसोड कानाला सरासरी किती मोठा वाटतो त्याचं माप. हे न केल्यास तुमचा एपिसोड सुरू झाला की माणूस आवाज वाढवतो, आणि पुढचा दुसऱ्या कोणाचा लागला की दचकतो.

फीड कोणाच्या ताब्यात

पॉडकास्ट ही नुसती ऑडिओ फाईल नाही. तिच्यामागे ‘आरएसएस फीड’ नावाची मजकुराची एक लहानशी फाईल असते. (आपल्याकडे या तीन अक्षरांचा दुसरा अर्थ जास्त परिचित आहे, त्याचा इथे संबंध नाही.) फीड हा सोसायटीच्या नोटीसबोर्डासारखा प्रकार. तुम्ही त्यावर नव्या एपिसोडचं नाव, तारीख आणि फाईल कुठे ठेवली आहे तो पत्ता लावता. ऐकण्याची अॅप ठरावीक वेळानं येऊन बोर्ड बघतात, नवं काही दिसलं की आपल्या श्रोत्यांना कळवतात. बोर्ड तुमचा, बघायला कोणीही यावं.

डेव्ह वायनर या प्रोग्रॅमरनं २०००-०१ च्या सुमारास या फीडमध्ये ऑडिओ फाईल जोडण्याची सोय केली. अॅडम करी या जुन्या एमटीव्ही निवेदकानं तिच्यावर कार्यक्रम करून दाखवले. ‘पॉडकास्टिंग’ हे नाव २००४ मध्ये ‘द गार्डियन’मधल्या बेन हॅमर्सली यांच्या लेखात पहिल्यांदा छापून आलं, आणि जून २००५ मध्ये अॅपलनं आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतले.

ही जुनी व्यवस्था आजही महत्त्वाची आहे. २०२४ मध्ये गूगलनं आपलं पॉडकास्ट अॅप बंद केलं. लोकांनी आपल्या वर्गण्यांची यादी फाईलमध्ये उतरवून दुसऱ्या अॅपमध्ये नेली आणि तेच कार्यक्रम तिथे ऐकू लागले. कार्यक्रम करणाऱ्यांचा एकही एपिसोड बुडाला नाही, कारण फीड त्या अॅपच्या पोटात नव्हतं. म्हणून होस्टिंग, म्हणजे फाईल आणि फीड ठेवायची भाड्याची जागा, घेताना एकच चौकशी करावी: उद्या दुसरीकडे जायचं ठरवलं तर जुन्या फीडचा पत्ता कायमचा नव्या पत्त्याकडे वळवून देणार का? ‘नाही’ असं उत्तर आलं तर स्वस्त पडलं तरी नको.

अजून न आलेल्या वस्तू

आलेल्या फोनबद्दल बोलणं सोपं. येऊ घातलेल्या तंत्रज्ञानाबद्दल बोलताना कंपनीचा दावा आणि आपलं मत यांची सरमिसळ व्हायला वेळ लागत नाही. ह्युमेन या अमेरिकी कंपनीची एआय पिन आठवून बघा. शर्टाला लावायची, फोनची जागा घेणार म्हणून गाजलेली. एप्रिल २०२४ मध्ये ती ६९९ डॉलरला, वर महिना २४ डॉलर वर्गणीनं बाजारात आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये एचपीनं कंपनीची बरीचशी मालमत्ता ११.६ कोटी डॉलरना घेतली आणि २८ फेब्रुवारीला सर्व्हर बंद झाले. ज्यांनी ती विकत घेतली होती त्यांच्या हातात जवळजवळ निरुपयोगी तुकडा उरला. पिनमधलं यंत्र बिघडलेलं नव्हतं, पण विचार करायचं काम लांबच्या सर्व्हरवर होत होतं.

‘एआय फोन’बद्दल बोलताना म्हणूनच पहिली चाचणी विमान मोडची. फोन विमान मोडवर टाका आणि जाहिरातीतलं एकेक काम करायला सांगा. जे चालेल ते फोनच्या आत आहे. थोडंच चालेल, आणि त्याचं कारण मेमरी. एआय मॉडेल शिकून जे आकडे साठवतं ते पॅरामीटर. ३०० कोटी पॅरामीटरचं, म्हणजे या जगात छोटं समजलं जाणारं मॉडेल प्रत्येक पॅरामीटरला १६ बिट देऊन ठेवलं तर ६ जीबी रॅम एकटं खातं. पॅरामीटरची अचूकता कमी करून ४ बिटवर आणलं तर दीड जीबीत बसतं, उत्तरं थोडी ढिली होतात. म्हणून मोठी कामं अजून सर्व्हरवरच जातात आणि त्यांच्याबरोबर तुमचा मजकूरही जातो. एपिसोडमध्ये सर्वांत जास्त वेळ मी या मुद्द्याला देईन; कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल खुशाल वगळावेत.

या बाबतीत पुण्यात बसून पॉडकास्ट करणाऱ्याचा फायदा असा की ‘हे बाजारात यायला किती वर्षं?’ हे विचारायला माणसं गावातच आहेत. १९९१ मध्ये परम ८००० महासंगणक बनवणारं सी-डॅक इथलं. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, वेताळ टेकडीवर वाहनं तपासणारी एआरएआय. ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन परिषद यांनी विकसित केलेली हायड्रोजन फ्युएल सेलवरची बस पुण्यातच सादर झाली. प्रयोगशाळेत चाललेली गोष्ट आणि रोज रस्त्यावर धावणारी गोष्ट यांत काय काय अडतं, हे अशा ठिकाणी काम केलेला माणूस पंधरा मिनिटांत सांगतो. त्याला मराठीत बोलतं करावं. इंग्रजी मुलाखती पुष्कळ आहेत.

पैशाचं मात्र आधीच बोलून टाकावं. कंपनी फोन वापरायला देते, कधी परत मागते, कधी मागत नाही, आणि सगळ्यांनी एकाच दिवशी, एकाच तासाला बोलायचं अशी अट घालते. आठवडाभर वापरलेल्या फोनवरून दोन वर्षांनंतरची बॅटरी कळत नाही, तेव्हा अशा एपिसोडला ‘पहिली ओळख’ म्हणावं, ‘परीक्षण’ नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कंपनीशी असलेलं असं नातं उघड करणं बंधनकारक आहे, आणि फुकट मिळालेली वस्तूही नात्यात मोजली जाते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था एएससीआय हिनं २०२१ मध्ये ऑडिओसाठी वेगळं सांगितलं आहे: खुलासा सुरुवातीला, शेवटी, आणि मधल्या प्रत्येक विश्रांतीच्या आधी व नंतर बोलून करायचा. ग्राहक व्यवहार विभागाच्या २०२३ च्या सूचनांप्रमाणे तो ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत हवा. मराठी एपिसोडच्या शेवटी घाईघाईत पुटपुटलेलं ‘पेड पार्टनरशिप’ यात बसत नाही.

आणि प्रत्येक एपिसोडच्या पहिल्या मिनिटात तारीख, त्या दिवशीची किंमत आणि फोनमधल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती तोंडानं सांगावी. दिवाळीत किंमत उतरते, एखाद्या अपडेटनं कॅमेरा सुधारतो किंवा बॅटरी बसते, आणि तुमचा जुना एपिसोड कोणीतरी दोन वर्षांनी ऐकत असतो. काही चुकीचं गेलं म्हणून फीडमधली फाईल गुपचूप बदलली तर ज्यांनी ती आधीच उतरवून घेतली त्यांच्यापर्यंत दुरुस्ती सहसा पोचत नाही. फीडमध्ये प्रत्येक एपिसोडला एक कायमचा ओळख क्रमांक असतो; तो तोच राहिला की अॅप ‘हे घेतलेलं आहे’ असं समजून पुढे जातं. फाईल बदलायला हरकत नाही, पण दुरुस्ती पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला बोलावीच लागते.